संगणकशास्त्र आणि चित्रकला : डबल मेजर करू की नको?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पदवीचं पहिलं वर्ष संपत आलंय. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, संगणकशास्त्र. पहिल्या सत्रात हौस म्हणून ड्रॉइंगचा पायाभूत कोर्स घेतला, दुसऱ्यात प्रिंटमेकिंग, म्हणजे चित्रांचे ठसे छापणं. आता प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट मी वेळेआधी संपवते, कारण मग छपाईचा प्रेस मोकळा असताना स्टुडिओत जाता येतं. कोडिंग आवडत नाही असं अजिबात नाही. आवडतं, जमतंही. पण चित्रकला नुसती सुट्टीत करायची गोष्ट राहिलेली नाही.

पुढच्या सत्राच्या नोंदणीआधी दुसरं मेजर जाहीर करायचं का, ते ठरवायचंय. घरच्यांचं म्हणणं, पदवी एकाची घे, चित्रं कोणी काढू नको म्हटलंय का! कला विभागातल्या मॅडम म्हणतात, मायनरवर (थोडे कोर्स घेऊन केलेल्या जोडविषयावर) तुझं समाधान होणार नाही. सीएसचे (संगणकशास्त्राचे) सल्लागार म्हणाले की चार वर्षांत बसेल, पण ‘बसेल’ म्हणताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, स्क्रीनकडे होती.

ज्यांनी असं काही केलंय किंवा करायचं सोडून दिलंय, त्यांचं ऐकायचंय. नोकरीला उपयोग होतो का हाही प्रश्न आहे, पण तो एकटाच नाही.

शून्य_एक
माझं उत्तर सरळ आहे : नको.

बरीच वर्षं सॉफ्टवेअरमधे आहे, मुलाखती घेतो. दोन मेजर आहेत म्हणून मी कोणाला घेतलेलं नाही आणि एकच आहे म्हणून कोणाला नाकारलेलं नाही. बायोडेटावर ती अर्धी ओळ असते. त्या अर्ध्या ओळीसाठी तू दहा-बारा कोर्स देणार, आणि ते कुठून काढणार? ऑपरेटिंग सिस्टिम्स, नेटवर्क्स, कंपायलर यांसारख्या ऐच्छिक विषयांतून. म्हणजे जे अवघड आहे आणि एकट्याने शिकायला कंटाळा येतो, नेमकं तेच सुटणार. मायनर घे, चित्रं काढत राहा.

फुकटसल्ला
दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. पण दगड किती लांब आहेत ते आधी मोजावं की नाही?

नियमावली
फुकटसल्ला यांनी कधी नव्हे ते कामाचं विचारलं. मोजूनच बघू.

मी एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम आखून द्यायचं काम करते. अमेरिकी पद्धतीची क्रेडिट व्यवस्था धरून बोलतेय, म्हणजे प्रत्येक कोर्सला ठरावीक क्रेडिट आणि त्यांची बेरीज पुरी झाली की पदवी. ‘डबल मेजर’ म्हणताना लोक तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतात.

पहिली, खरोखरचं डबल मेजर. पदवी एक, विषय दोन, सगळं मिळून साधारण १२० क्रेडिटच्या आत. काही कोर्स दोन्हीकडे मोजले जातात, पण किती मोजायचे ते विभाग ठरवतात. अर्थशास्त्र आणि गणित अशी जोडी असली तर बरंच काही सामाईक निघतं. संगणकशास्त्र आणि चित्रकलेत जवळजवळ काहीच निघत नाही. दुसरी, दुहेरी पदवी. दोन स्वतंत्र पदव्या, बऱ्याच ठिकाणी १५० च्या आसपास क्रेडिट. ब्राउन विद्यापीठ आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन यांचा एकत्रित कार्यक्रम पाच वर्षांचा आहे. ओबर्लिनमधे कॉलेज आणि संगीताची कॉन्झर्व्हेटरी मिळून दोन पदव्या घेता येतात, तोही पाच वर्षांचाच हिशेब. हे लोक सुरुवातच पाच वर्षं धरून करतात. तिसरी, मुद्दाम जोडून बांधलेला अभ्यासक्रम. कार्नेगी मेलनमधे संगणकशास्त्र आणि कला यांची मिळून एक पदवी आहे, इलिनॉय विद्यापीठात ‘सीएस प्लस’ नावाने अशा जोड्या आहेत, त्यात संगीतही आहे. तुझ्याकडे असा तिसरा प्रकार असेल तर आधी तोच बघ.

आता तुला विचारायचा मुख्य प्रश्न : कलेचं मेजर बीए आहे की बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स)? अमेरिकेत कलाशिक्षणाला मान्यता देणारी जी संस्था आहे (नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ आर्ट अँड डिझाइन), तिच्या निकषांनुसार बीएफएमधे किमान ६५ टक्के अभ्यास कलेचा असावा लागतो. बीएमधे तोच ३० ते ४५ टक्के असतो. ६५ टक्के एकीकडे गेल्यावर उरलेल्या ३५ मधे संगणकशास्त्र, गणित आणि सर्वसाधारण विषय मावणार नाहीत, मग विद्यार्थी कितीही हुशार असो. बीए मावतं. संगीतातही ‘बॅचलर ऑफ म्युझिक’ आणि संगीतातलं बीए यांत असाच फरक आहे.

आणि क्रेडिट म्हणजे तास नव्हेत. तीन क्रेडिटच्या व्याख्यानाला आठवड्यात तीन तास वर्गात बसायचं. तीन क्रेडिटच्या स्टुडिओला साधारण सहा तास, वर बाहेरचं काम वेगळं. वेळापत्रकात तो स्टुडिओ दुपारचा मोठा तुकडा खातो आणि नेमक्या त्याच दुपारी सीएसची प्रयोगशाळा असते. कागदावर ‘बसतं’ म्हणणाऱ्या सल्लागाराने बहुतेक वेळा फक्त क्रेडिटची बेरीज केलेली असते.

चिंटूचा_मामा
अवांतर : भारतात यूजीसीने एप्रिल २०२२ मधे एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात जाऊन करायचे असतील तर अट एकच मोठी, वर्गांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. म्हणजे फिरून पुन्हा वेळापत्रकावरच.

रेघोट्या
नियमावली ताई, बीए-बीएफएचा फरक इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं! आमच्याकडे दोन्ही आहेत. बीएफएला दुसऱ्या वर्षी पोर्टफोलिओ दाखवून निवड होते. बीए नुसतं जाहीर केलं की झालं.

कालपासून कागद घेऊन बसलेय. गणित धरून सीएस ५६ क्रेडिट. कला बीए ४२. सर्वसाधारण विषय ३६, पण त्यातले १६ या दोन्हींतून भागतात (गणित, विज्ञान, कलेचा इतिहास). उरले २०. एकूण ११८. म्हणजे मोकळे फक्त २!

४२ पैकी ३० क्रेडिट स्टुडिओचे, म्हणजे दहा कोर्स. दोन झालेत, आठ उरले, सत्रं सहा. दोन सत्रांत तरी दोन-दोन स्टुडिओ येणार. शिवाय शेवटच्या वर्षी दोन्हीकडे मोठा प्रकल्प आहे : सीएसचा कॅपस्टोन आणि कलेचं वर्षअखेरचं प्रदर्शन. दोन्ही वसंत सत्रात.

नियमावली
हिशेब चांगला केलास. २ क्रेडिट म्हणजे एक कोर्ससुद्धा नाही. एखादा विषय सोडावा लागला, आजारी पडलीस, किंवा हवा तो कोर्स त्या सत्रात दिलाच नाही, की वेळापत्रक कोसळलं. म्हणून आता बेरीज बाजूला ठेव आणि साखळी काढ. प्रोग्रॅमिंग झाल्याशिवाय डेटा स्ट्रक्चर्स नाही, त्याशिवाय अल्गोरिदम नाही, सिस्टिम्सही नाही. कलेतही पायाभूत, मधला, वरचा असे टप्पे असतात. सर्वांत लांब साखळी कोणती आणि तिच्यातला कोणता कोर्स वर्षातून एकदाच मिळतो, ते शोध. तो कोर्स चुकला की पूर्ण वर्ष जातं. बाकीचे इकडेतिकडे हलवता येतात.

शेवटच्या वर्षाचे दोन प्रकल्प हा खरा धोका आहे. दोन्ही विभागांना मिळून एकच प्रकल्प चालेल का, हे आत्ताच विचारून ठेव. तिसऱ्या वर्षी विचारलंस तर दोघंही म्हणतील, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

कल्पना_ताई
एक व्यवहाराचं विचारते. शिष्यवृत्ती आहे का? असली तर किती सत्रांची? माझ्या मुलाने मेकॅनिकल इंजिनिअरिंगबरोबर डिझाइन घेतलं होतं. शिष्यवृत्ती आठ सत्रांवर थांबली आणि अभ्यास नवव्यात गेला. डिझाइनचं त्याला आजही वाईट वाटत नाही, मला त्या सत्राच्या फीचं अजून वाटतं. :)

नियमावली
कल्पनाताई, इंजिनिअरिंग असेल तर ओढाताण आणखी वाढते. एबीईटी ही मान्यता देणारी संस्था गणित-विज्ञानाचे किमान ३० आणि इंजिनिअरिंगचे किमान ४५ क्रेडिट मागते. ७५ तिथेच गेले. रेघोट्याचं संगणकशास्त्र आहे म्हणून निदान बोलता तरी येतंय.

चौकटीबाहेर
मी गेम स्टुडिओत टेक्निकल आर्टिस्ट आहे. म्हणजे चित्रकार आणि प्रोग्रॅमर यांच्यामधे बसतो आणि दोघांच्याही शिव्या खातो. शेडर (पडद्यावर रंग-प्रकाश कसा दिसेल ते ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) लिहायचे, रिगिंगची (पात्रांना हलवता येईल असा सांगाडा बसवण्याची) साधनं बनवायची, चित्रकाराने केलेलं दृश्य यंत्राला झेपत नसेल तर काय काढलं तरी डोळ्याला कळणार नाही, ते शोधायचं. तेव्हा शून्य_एक यांचं ‘अर्धी ओळ’ सगळीकडे खरं नाही. आमच्याकडे दोन्ही येणारी माणसं शोधावी लागतात.

पण आम्हीही पदवी बघत नाही, शोरील (निवडक कामाचा व्हिडिओ) बघतो. आणि डबल मेजरवाल्यांच्या पोर्टफोलिओत मला एकच गोष्ट परत परत खटकते. वेबसाइट उघडली की डावीकडे ‘चित्रं’, उजवीकडे ‘कोड’. डावीकडे नग्नाकृतींची स्केचेस आणि फळांची चित्रं, उजवीकडे वर्गात सगळ्यांनी केलेला तोच प्रोजेक्ट. दोन वेगळी माणसं वाटतात. ज्याने स्वतःच्या वुडकटसारखी (लाकडी ठशासारखी) रेघ पडद्यावर उमटवणारा एक छोटा शेडर लिहिलाय, त्याला मी लगेच बोलावतो. मग त्याचं मेजर काहीही असो.

एड कॅटमलचं उदाहरण यासाठी मला आवडतं. त्यांना ॲनिमेटर व्हायचं होतं, हात तेवढा चांगला नाही असं वाटून ते भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राकडे वळले. १९७२ मधे युटा विद्यापीठात स्वतःच्या डाव्या हाताचं त्रिमितीय ॲनिमेशन केलं, १९७४ च्या प्रबंधात टेक्स्चर मॅपिंगची (त्रिमितीय आकारावर चित्र चढवण्याची) कल्पना मांडली, पुढे पिक्सारच्या संस्थापकांत आले. चित्राची ओढ त्यांनी सोडली नाही. तीच घेऊन ते दुसऱ्या दाराने आत शिरले. कलेची पदवी लागली नाही, पण काय बनवायचंय ते आधीपासून माहीत होतं.

रेघोट्या, तू काय घ्यावंस ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो : लिनिअर अल्जेब्रा आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स हे दोन कोर्स, कितीही ओढाताण झाली तरी, सोडू नकोस.

फुकटसल्ला
आणि एआय दोन्ही कामं करायला लागलं की मग? कोड तेच लिहिणार, चित्रं तेच काढणार.

शून्य_एक
आलाच हा मुद्दा. बरोबर तिसाव्या प्रतिसादाच्या आत.

चौकटीबाहेर
आमच्याकडे सध्या निघालेल्या चित्रात काय बिघडलंय हे सांगणाऱ्याला भाव आहे. ते सांगता यायला आधी स्वतः बिघडवावं लागतं. पुढचं नव्या धाग्यात घ्या, इथे मुलीला नोंदणी करायचीय.

अनुस्वार
मी हे केलंय : संगणकशास्त्र आणि संगीतरचना, चार वर्षांत. आता ऑडिओ सॉफ्टवेअरमधे काम करते. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगू शकेन.

आधी भ्रमनिरास. दोन विषय शेजारी ठेवले म्हणजे ते एकमेकांत मिसळत नाहीत. माझ्या चार वर्षांत संगीताच्या इमारतीतल्या कोणालाही सीएसमधे काय चाललंय याची कल्पना नव्हती, आणि उलटही तसंच. दोन्हीकडे मी ‘अर्धी दुसरीकडची’ होते. दोन्हीकडे शिक्षकांना वाटायचं, ही त्या बाजूला जास्त वेळ देते. स्टॅनफर्डने २०१४ मधे सीएस आणि संगीत, सीएस आणि इंग्रजी अशी जोड-मेजर काढली होती. म्हणजे मिसळण्याची सोय खुद्द विद्यापीठानेच केली. तरी काही वर्षांतच ती बंद केली. इतकं ते अवघड आहे.

ज्यांच्यात ते खरंच मिसळलं त्यांची शिक्षणं बघा. जॉन चाउनिंग तालवाद्य वाजवणारे, संगीतरचनाकार. संगणकावर आवाज काढता येतो हे वाचून त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. १९६७ मधे एफएम सिंथेसिस ही आवाज घडवायची पद्धत सापडली, ती यामाहाने घेतली, १९८३ चा डीएक्स-७ हा सिंथेसायझर त्यातूनच आला. ऐंशीच्या दशकातली गाणी ऐकताना तो इलेक्ट्रिक पियानोचा काचेसारखा आवाज येतो ना, तो पुष्कळदा त्याचा. संगीतकार झेनाकिस तर सिव्हिल इंजिनिअर, वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात नोकरी. संगीत शिकायला संगीतकार मेसियांकडे गेले तेव्हा मेसियांनी हार्मनी पहिल्यापासून गिरवायला लावलं नाही, तुझं गणित आणि वास्तुकला संगीतात वापर असं सुचवलं. १९५३-५४ च्या त्यांच्या वाद्यवृंद-रचनेतले सुरांचे तिरके आलेख आणि १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपाचे वक्र पृष्ठभाग एकाच कल्पनेतून आलेले आहेत. आणि त्यांच्याकडे संगीताची पदवी नव्हती.

मग मी डबल मेजर नको म्हणतेय का? नाही. माझं मत बरोबर उलट आहे, पण कारण वेगळं. कोडिंग मी पदवीनंतर जेवढं शिकले त्याच्या निम्मंही पदवीत शिकले नव्हते. पुस्तकं आहेत, ओपन सोर्स आहे, कामावर रोज शिकतेच. पण मी लिहिलेली रचना चांगल्या वादकांनी माझ्यासमोर बसून वाजवली, आणि ‘हे इथे फसलंय’ असं एखाद्या जाणत्याने दर आठवड्याला सांगितलं, हे मला विद्यापीठाबाहेर परत कधी मिळालेलं नाही. पैसे देऊनही नाही. तेव्हा कोणता विषय जास्त आवडतो किंवा कोणता जास्त कमावून देईल, हे विचारू नकोस. यातलं काय बाहेर मिळणार नाही, ते विचार.

शून्य_एक
अनुस्वार, मुद्दा पटला. खरंच. पण मग पुढचं सांगा. तिला हवाय तो स्टुडिओ, प्रेस आणि समीक्षा. ते हवं तर कोर्स घ्यावेत. मेजरचा शिक्का कशाला? प्रदर्शन, कलेच्या इतिहासाचे चार कोर्स, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, हे सगळं शिक्क्याच्या पोटी येतं. कोर्स निवडून घे, मायनरही नको, काहीच नको.

रेघोट्या
हाच प्रश्न मलाही पडलाय.

नियमावली
शून्य_एक, तत्त्व म्हणून हे सर्वांत चांगलं उत्तर आहे. अडतं ते नोंदणीच्या खिडकीत. वरच्या स्टुडिओत जागा पंधरा-अठरा, आणि त्या आधी मेजरवाल्यांना उघडतात. इंटॅलिओचा (धातूच्या प्लेटवरून छपाई) दुसरा कोर्स, लिथो (दगडावरून छपाई), ॲनिमेशन स्टुडिओ यांत बाहेरच्यांना जागा उरतीलच असं नाही. कित्येक ठिकाणी स्टुडिओची रात्रीची किल्ली, लॉकर, प्रेसचं प्रशिक्षणही मेजरवाल्यांनाच. म्हणून मेजर जाहीर करण्याचा खरा उपयोग पदवीपत्रावर नाही, दाराशी आहे.

आणि एक लक्षात घे, बरेच जण याचा विचारच करत नाहीत. दुसरं मेजर जाहीर करणं आणि पूर्ण करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घेतलेलं दुसरं मेजर सोडायला बहुतेक ठिकाणी एक फॉर्म पुरतो, झालेले कोर्स ऐच्छिक म्हणून मोजले जातात. पण न घेतलेलं तिसऱ्या वर्षी घ्यायला गेलीस तर साखळीच पुरी होत नाही. निर्णय जड वाटतो कारण तो चार वर्षांचा वाटतो. प्रत्यक्षात पुढच्या सत्रापुरताच आहे.

दत्तू_मास्तर
थोडं थांबा. मी कलाशिक्षक आहे, प्रिंटमेकिंगच शिकवतो, आणि हा ‘जाहीर करून ठेवा, नंतर सोडा’ सल्ला मला रुचलेला नाही. ती पंधरावी जागा तुम्ही अडवता तेव्हा सोळावा विद्यार्थी बाहेर राहतो, आणि तो चार वर्षं यासाठीच आलेला असतो. घ्यायचं असेल तर करायच्या इराद्याने घ्या.

दुसरं. संगणकवाली मुलं वर्गात आली की मला आनंद होतो, कारण ती वेळेवर काम देतात. हाच त्रासही आहे. त्यांना वाटतं, अपेक्षा पूर्ण झाली की काम संपलं. लिथोचा दगड कार्बोरंडमच्या पुडीने घासून सपाट करायलाच कितीतरी वेळ जातो, आणि तो वेळ मोबाइलवर उरकता येत नाही. धातूची प्लेट आम्लात किती ठेवायची हे घड्याळ सांगतं खरं, पण किती ठेवायला हवी होती ते पहिला ठसा काढल्यावर कळतं. मग परत. डबल मेजर तास खात नाही, सैलपणा खातो. ठसा वाईट आला, बसून त्याच्याकडे बघत राहिलो, असा वेळ. माझ्या मते निम्मं शिक्षण तिथे होतं. ज्याच्या प्रत्येक दुपारला पुढची दुपार टेकलेली आहे, तो वाईट ठसा टाकून देतो आणि ठरल्याप्रमाणे दुसरा काढतो.

म्हणून बेटा, घेतलंस तर एवढं कर. स्टुडिओचे दिवस आणि सीएसचे दिवस वेगळे ठेव. स्टुडिओनंतरची संध्याकाळ मोकळी सोड, तिथे दुसरी प्रयोगशाळा लावू नकोस. नोंदणी करताना आधी स्टुडिओ टाक, मग बाकीचं त्याच्याभोवती बसव. सीएसच्या मूळ कोर्सच्या तुकड्या बऱ्याच असतात, स्टुडिओची एकच.

जाता जाता, पदवी एकाची आणि काम दोन्हींच्या सीमेवर, अशी माणसं आमच्या बाजूनेही आहेत. पहिल्या मॅकिंटॉशच्या चित्रखुणा काढणाऱ्या सुझन केअर कलेच्या डॉक्टरेट होत्या, चौकोनी कागदावर घरं भरून त्यांनी त्या काढल्या. आणि विंडोजवर वर्षानुवर्षं आपण मराठी ज्या ‘मंगल’ फॉन्टमधे वाचली, तो र. कृ. जोशींचा. सुलेखनकार माणूस.

चौकटीबाहेर
मास्तरांच्या ‘सैलपणा’ला अनुमोदन. पण मास्तर, आमच्या लोकांना वेळेत थांबणं येतं याचा तुमच्या विद्यार्थ्यांनाही थोडा उपयोग होईल. हलके घ्या.

दत्तू_मास्तर
घेतलं. काही जणांना होईलही.

वाटसरू७
एकामागोमाग हा पर्याय कोणीच बोललं नाही. जॉन माएदा एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग-संगणकशास्त्र शिकले आणि मग जपानमधे त्सुकुबा विद्यापीठात डिझाइनची डॉक्टरेट केली. पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमधे त्यांच्याकडे शिकलेल्या केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मधे प्रोसेसिंग ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, चित्रकारांना कोड शिकवणारी. ते दोघे डिझाइन शिकून तिथे आलेले. म्हणजे सगळं अठरा ते बावीस या वयातच कोंबायला हवं असं कुठे आहे?

अनुस्वार
खरंय. फक्त उलट दिशेने ते सोपं नाही. सीएसची पदवी घेऊन कलेच्या एमएफएला (पदव्युत्तर पदवीला) अर्ज करायचा तर पोर्टफोलिओ लागतो, आणि तो स्टुडिओतच तयार होतो. आत्ता स्टुडिओ सोडला तर पुढचं दारही अरुंद होतं.

कल्पना_ताई
आणि घरच्यांना काय सांगणार ते ठरवलंस का गं? ‘दोन्ही करते’ म्हणालीस की त्यांना ‘एकही धड नाही’ असं ऐकू येतं. त्यांच्यासमोर वेळापत्रकाचा कागद ठेव. आम्ही आईबाप कागदाला घाबरतो.

रेघोट्या
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काय ठरवलं ते सांगते.

बीएफएचा विचार सोडला. बीए जाहीर करतेय, आणि मास्तर, करायच्या इराद्यानेच. पुढच्या सत्रात स्टुडिओ एकच (इंटॅलिओ), त्याबरोबर डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स आणि लिनिअर अल्जेब्रा. दोन स्टुडिओंची सत्रं ज्या वर्षी आहेत त्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिम्स घेणार नाही. साखळी काढली तेव्हा कळलं की आमच्याकडे कॉम्प्युटर ग्राफिक्स एक वर्षाआड असतो. म्हणजे तो तिसऱ्याच वर्षी घ्यायला हवा, नाहीतर नाहीच. हे सल्लागारांनी सांगितलं नव्हतं.

शिष्यवृत्ती आठ सत्रांचीच आहे, ताई. म्हणून घरी असं सांगितलं की पाचव्या सत्राच्या अखेरीस परत हिशेब करेन, आणि तेव्हा नववं सत्र लागणार असं दिसलं तर कला मायनरवर आणेन. बाबांना कागद दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, यात रविवार कुठे आहे?

एकत्र प्रकल्पाचं दोन्हीकडे विचारलं. सीएसवाले म्हणाले चालेल, पण कोड त्यांच्या निकषांवर तपासणार आणि मार्गदर्शक त्यांच्यातला हवा. कला विभाग म्हणतोय, बैठकीत बोलू.

नियमावली
‘चालेल’ कोण म्हणालं? तोंडी की मेलवर? तीन वर्षांत विभागप्रमुख बदलतात. मेल पाठव, उत्तर मागव, जपून ठेव.

शून्य_एक
माझं ‘नको’ मी मागे घेत नाही, पण लिनिअर अल्जेब्रा यादीत आलं हे बघून बरं वाटलं. सिस्टिम्स सुटू देऊ नकोस, चौथ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात नक्की घे. आणि पहिल्या इंटर्नशिपचे अर्ज शरद सत्रात सुरू होतात, तेव्हा इंटॅलिओच्या प्लेट आम्लात असतील. तारखा आत्ताच लिहून ठेव.

दत्तू_मास्तर
प्लेट आम्लात असताना अर्ज भरत बसू नकोस म्हणजे झालं.

रेघोट्या
:D मेल पाठवलाय. कला विभागाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. उत्तर आलं की इथेच टाकते.